पट बावीस, टमटम एक

मित्रांनो, मी एक जुनी टमटम आहे. माझा रंग उडालाय, एक दिवा फुटलाय आणि चढ आला की मी हटून बसते. पण माझी कीव करू नका, मला ती खपत नाही.

आधी माझा गुन्हा सांगते. जळकोटजवळच्या एका गावात व्यंकटी मला चालवतो. सहा वर्षे मी रोज सकाळी गावातली मुले भरून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत नेली. वाटेत जिल्हा परिषदेची शाळा लागायची. तिच्यापुढे मी मुद्दाम हॉर्न वाजवायची. टाय लावलेली मुले माझ्यात बसत, त्यामुळे माझ्या अंगात फार मस्ती होती. इकडे त्या शाळेचा पट घसरत सतरावर आला.

व्यंकटीची दिपाली तिसरीत होती, तीही माझ्यातूनच जायची. एका रविवारी तिची आजी केवळाबाई म्हणाली, "दिपे, टमटमच्या पाठीवर काय लिवलंय गं?"

दिपालीला वाचता येईना. तिच्याच वयाचा धम्मानंद गावच्या शाळेत जायचा. त्याने चालता चालता वाचले, "घाई असंल तर कालच निघायचं होतं."

सगळे हसले. व्यंकटी हसला नाही. मलाही लाज वाटली, कारण अक्षरे माझ्याच पाठीवर होती.

दुसऱ्या दिवशी त्याने दिपालीचे नाव गावच्या शाळेत घातले. तिथल्या उज्वला मॅडम म्हणाल्या, "अठरा झाले. वीस भरले नाहीत तर शाळा बंद करतील, असं वरचे साहेब बोलायलेत."

ओढ्यापलीकडच्या वाडीतली चार लहान मुले शाळेत येतच नव्हती. एकटी पाठवायला आया भीत होत्या. व्यंकटीने तालुक्याची फेरी दुसऱ्याला देऊन टाकली आणि मला वाडीकडे वळवले. किराणावाले गुरुबसप्पा डिझेल देऊ लागले. धम्मानंदची आई चांगुणा लहानग्यांना धरून माझ्यात बसू लागली. संध्याकाळी शिकलेली पोरे-पोरी एक दिवस बुद्धविहारात, एक दिवस मारुतीच्या पारावर मुलांकडून वाचन करून घेऊ लागली. दोन महिन्यांत दिपालीने माझी पाठ घडाघडा वाचली. आता हॉर्न मी वाडीत वाजवत होते, आणि तो खरा हॉर्न होता.

मग पट मोजायला साहेब आले. नेमकी त्याच दिवशी वाडीची चार मुले घेऊन येताना मी शाळेच्या चढावर बंद पडले. व्यंकटीने चार किका मारल्या, पण मी ढिम्म. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. तेवढ्यात शाळेतून दिपाली आणि धम्मानंद सगळी पोरे घेऊन धावत आले. चांगुणाने पदर खोचला. सगळ्यांनी मला ढकलत थेट फाटकात आणले.

साहेबांनी मुले मोजली. बावीस भरली. मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "ही गाडी किती दिवस टिकणार? बंद पडली तर मुलं कशी येतील?"

दिपाली धापा टाकत म्हणाली, "बंदच हाय की, सर. तरी आलो न्हाई का?"

साहेबांनी बावीस लिहिले.

मित्रांनो, मला उद्या भंगारात घातले तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या गावची शाळा कोणी भंगारात काढू लागला, तर त्याच्या वाटेत आडवे व्हा. मला सांगू नका की आमच्यात तेवढा जोर नाही. रस्ता अडवायला बंद पडलेली टमटमसुद्धा पुरते.