कोलू पाहणारे

नवरात्राच्या कोलूच्या नऊ पायऱ्या, त्यांवर मांडलेल्या एकशे चौदा बाहुल्या आणि सर्वांत वर, कलशाशेजारी, एक कॅमेरा. विनुताने दोनदा मोजलं. कॅमेऱ्याचं तोंड खोलीकडे होतं.

"अप्पा, ह्यात कोलू दिसतच नाही."

"बाहुल्या आपल्या लोकांनी जन्मभर पाहिल्यात," सीतारामराव म्हणाले. "बंगळूरला बसून त्यांना माणसं पाहायचीत. कोण आलं, कोण गायलं."

लिंक त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली होती. ग्रुपमध्ये अडतीस जण. विनुताच्या फोनवर पाहणारे दिसत होते एक्केचाळीस.

"तीन जास्त आहेत."

"कुणाचे तरी जावई असतील. अगं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? नैवेद्याचं सुंडल?"

विनुताने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत हिराआत्याची मुलगी हरिता डाव्या हाताने नारळ खवत होती. उजव्या मनगटाचं प्लास्टर मागच्या महिन्यात निघालं होतं. नवऱ्याचं, विघ्नेशचं, चेन्नईतलं घर सोडल्यावर ती आधी मैत्रिणीकडे राहिली. तिथे तो तिच्या फोनचा माग काढत पोचला, आणि मनगट तिथेच मोडलं. आता तिच्याकडे फोन नव्हता. ती कोइंबतूरला नोकरीला आहे, असं त्याला कळवलं होतं.

"कॅमेरा काढते."

"हात लावायचा नाही! सणाचं लावलंय."

शेवटी तडजोड झाली. लिंक बंद. घरातल्या तीन फोनांना तीन वेगळे कोड, आणि ते कुणालाही द्यायचे नाहीत. कोणत्या कोडवर किती फोन आहेत आणि कुठून, हे ॲप दाखवत असे. हे मात्र विनुताने सांगितलं नाही.

"बंगळूरचे रागावलेत," दुसऱ्या दिवशी सीतारामराव म्हणाले. "तू फिजिक्स शिकलीस की पोलिसात भरती झालीस?"

हिराआत्या हसली. "लहानपणी ही बाहुल्यांच्या पोटात काय आहे तेही बघायची." मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, "माणूस किती दिवस संशयावर जगणार, कण्णा, बाळा? तोही रडतोय म्हणतात. किती झालं तरी नवरा."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात ना लोक."

साडेपाचला बायका आल्या. कुंकू लावून झालं, दोघी गायल्या. मग एकीने हरिताचा हात धरून तिला आतून बाहेर आणलं. कोलूपुढे गाणं म्हटल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, ही रीतच होती. हरिता दाराजवळच बसली.

"तिथे नको," हिराआत्या म्हणाली. "पुढे ये. उजेडात."

हरिता पुढे सरकली. तिने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. हिराआत्याने मांडीवरचा फोन पालथा केला.

विनुता खांबाला टेकून उभी राहिली आणि तिने ॲप उघडलं.

तिच्या कोडवर एक फोन. अप्पांच्या कोडवर एक. हिराआत्याच्या कोडवर दोन. त्यातला एक दिवसभर इथेच, तंजावरमध्ये होता. दुसऱ्याच्या नोंदी तिने खालून वर वाचल्या.

कुंभकोणम, ४.३२.

पापनाशम, ५.०६.

तंजावर, ५.५१.