अण्णा सीन अठ्ठावन्नमध्ये आहेत

शूटिंगच्या सहाव्या दिवसापर्यंत अकरा वस्तू, एक कोंबडा आणि रेणुकाचे वडील नाहीसे झाले होते. यातला कोंबडा परत आला होता.

सिनेमा विनोदी होता. प्रोफेसर महाकाल आणि जादूसम्राट पुरंदर असे दोन जादूगार एकाच गावात मुक्कामाला येतात. महाकाल जे गायब करतो ते पुरंदर भर कार्यक्रमात परत आणतो आणि त्याची फजिती करतो, एवढीच गोष्ट. शूटिंग इचलकरंजीतल्या एका नाट्यगृहात चालायचं. प्रेक्षक म्हणून खुर्च्यांवर बसायला यंत्रमागावरची माणसं सुट्टी काढून आली होती. रेणुका कुंभोजकर कंटिन्युइटी पाहायची. एका शॉटमध्ये ग्लास अर्धा असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो अर्धाच हवा, हे तिचं काम. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या मुलीला ते आवडलंही होतं.

नियम तिला तिसऱ्या दिवशीच कळला. महाकालने शॉटमध्ये जे गायब केलं ते खरोखर जायचं. पुरंदरचा शॉट झाला की परत यायचं, पण दोन्ही शॉटमधलं सगळं सारखं असलं तरच. कोंबड्याच्या वेळी एक दिवा चार इंच सरकला होता. कोंबडा आला, पण त्याची सावली दिव्याच्याच दिशेला पडू लागली.

"आरवतोय ना?" दिग्दर्शक केसकर म्हणाले. "मग चालेल."

फोटोंचा उपयोग नव्हता. जे गायब व्हायचं ते फोटोंतूनही जायचं. राहायचं ते फक्त शॉट चालू असताना रेणुकाने वहीत लिहिलेलं. नंतर लिहिलेलं सकाळपर्यंत पुसलं जायचं. तिने तीनदा करून पाहिलं होतं.

अण्णा आले होते तिचा विसरलेला डबा द्यायला. पहिल्या रांगेतला एक माणूस आला नव्हता, म्हणून केसकरांनी त्यांना बसवलं. मग महाकालने प्रेक्षकांतून कुणाला तरी बोलवायचं होतं, आणि अण्णा आपणहून उठले.

"नाव काय पाहुणे?" महाकालने विचारलं.

"वसंत कुंभोजकर."

"भीती वाटतेय?"

"कशाची? पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय."

यंत्रमागवाले खो खो हसले. हे संवादात नव्हतं.

"कुठं पाठवू तुम्हाला?"

"पाठवा कुठंही. फक्त पाचच्या एस्टीला सोडा म्हणजे झालं."

सगळे हसले. रेणुकाही हसली. आजवर प्रत्येक शॉट तिने पेन्सिल टेकवून पाहिला होता. हा तिने नुसता पाहिला. अण्णा लाल पेटीत शिरले, महाकालने दार लावलं, उघडलं, पेटी रिकामी होती. टाळ्या पडल्या. केसकर "कट" म्हणायच्या आत तिने घाईघाईने वहीत लिहिलं: अण्णा. नेहमीसारखे.

अण्णांना परत आणायचा सीन अठ्ठावन्न नंबरचा होता. तो बाराव्या दिवशी होता.

संध्याकाळी आईचा फोन आला. "अण्णा कुठायत गं?"

"सीन अठ्ठावन्नमध्ये आहेत."

"म्हणजे कधी?"

"पुढच्या गुरुवारी."

"बरं," आई म्हणाली. "मग त्यांची भाकरी टाकत नाही."

मधले दिवस रेणुकाने मोजमापात घालवले. दिव्यांची उंची, पडद्याच्या चुण्या, एकशे चाळीस खुर्च्यांत कोण कुठे, कुणाची मान कुठे वळलेली, हे सगळं वहीत होतं आणि ती ते तंतोतंत जमवत होती. अण्णांबद्दल मात्र ते दोनच शब्द. त्यांच्या हातात घड्याळ होतं का? आई म्हणाली, होतं. दुसऱ्या रांगेतले शिवाप्पा म्हणाले, "न्हाई ओ मॅडम, हात मोकळाच हुता. चष्मा बी न्हवता." त्यांच्या शेजारची बाई म्हणाली, चष्मा होता, दोरीचा. रेणुकाने डोळे मिटून पाहिलं. तिला अण्णा दिसायचे, आणि नीट बघायला गेलं की त्यांच्या अंगावर वेगळाच शर्ट असायचा.

गुरुवारी पुरंदर मिशी चिकटवत तिच्याकडे आला. "ताई, मी कुणाला आणणार आहे ते मला सांगा. महाकालसारखं नाही माझं. त्याला काय, कुणालाही घालवता येतं."

"माझे वडील आहेत."

"ते झालं. पण कसे?"

तिने वही पुढे केली. त्याने वाचलं. वही परत दिली.

"जे लिहिलंय तेच येणार," तो म्हणाला. "मला दोष देऊ नका."

शॉट चारला लागला. पाचला हॉल सोडायचा होता. संध्याकाळी नाटकाचा प्रयोग होता आणि नेपथ्यवाले सोफा घेऊन दारात येऊन थांबले होते. लाल पेटी खडूच्या खुणांवर ठेवली. यंत्रमागवाले वहीत होते तसे बसले. पुरंदरने छडी फिरवून दार उघडलं.

अण्णा बाहेर आले. तोंडात दंतमंजन होतं, खांद्यावर टॉवेल. त्यांनी रेणुकाकडे पाहून विचारलं, "जेवलीस का?" आणि खाली येऊन पहिल्या रांगेत बसले. प्रेक्षक हसले.

मग दुसरे अण्णा आले. चष्मा कपाळावर होता आणि ते चष्मा शोधत होते. "जेवलीस का?" त्यांनीही विचारलं. तिसऱ्यांच्या हातात पेपर होता. चौथे मुंडण केलेले होते. आजोबा गेले त्या महिन्यात ते नेहमी तसेच असायचे. लोक त्यांनाही हसले. शिवाप्पांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली.

"कट करू नका," केसकर कॅमेरामनला हळूच म्हणाले. "चालू द्या. सोनं आहे हे."

अण्णा येत राहिले. तापातले, सायकलचं पंक्चर काढणारे, रेणुका बारावीत पहिली आली तेव्हाचे, ती पहिल्यांदा घर सोडून गेली तेव्हा दारात उभे राहिलेले. यंत्रमागवाले एकेक करून उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सगळ्या खुर्च्या भरल्या. आता हसायला कुणी बसलेलं नव्हतं. एकशे चाळीस अण्णा मान वळवून तिच्याकडे बघत होते.

"पाचला दहा कमी," केसकर म्हणाले. "रेणुका, यातला मॅच होणारा कुठला?"

"सगळेच आहेत."

"मला एकच लागतो. तू ज्याचा हात धरशील तो राहील, बाकीचे जातील. आणि कुणालाच धरला नाहीस तर पाचला पेटी बंद होते. मग मला विचारू नकोस."

तिने रांगांवरून नजर फिरवली. त्या दिवशीचे अण्णा कुठले, डबा घेऊन आलेले? प्रत्येक रांगेत दोन-चार तसे होते. ती एकाकडे वळली की त्याच्या पलीकडचा जास्त खरा वाटायचा. पुरंदर घामाने सुटलेली मिशी दाबून धरत होता.

तेवढ्यात पेटीतून आणखी एक आले. केस काळे होते, वय तिशीचं. ते फार हळू चालत होते, उजवा हात थोडा खाली सोडून, एक बोट पुढे काढून, आणि शेजारी खाली बघत कुणाशी तरी बोलत होते. "चल गं, येईल आता एस्टी." शेजारी कुणी नव्हतं. एवढे एकच अण्णा रेणुकाकडे बघत नव्हते.

"हा?" केसकरांनी विचारलं.

रेणुका वही ठेवून निघाली. पहिल्या रांगेशी, एरवी मांडीपर्यंत येणारे खुर्च्यांचे हात तिच्या कोपराला लागले, रांग संपेपर्यंत खांद्याला. तिच्या मागे रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या मिटल्याचे आवाज येऊ लागले. आधी एक, मग दोन-तीन, मग ओळीच्या ओळी. तिने वळून पाहिलं नाही. स्टेजच्या पायऱ्या तिला हात टेकून चढाव्या लागल्या.

अण्णा खाली बघत थांबले होते. रेणुकाने हात वर केला, मग टाचा उचलल्या. बोट अजून वीतभर वर होतं.