माझ्या आड लपवलेल्या गोळ्या

मी ऑलिव्ह तेलाची एक जुनी बाटली आहे आणि मित्रांनो, ती सकाळ आठवली की मला अजून धडकी भरते.

झाडावरची फळं तोडून, ताजी असतानाच दळून, पिळून काढलेलं हिरवट तेल माझ्यात भरलं गेलं. उजेड आणि उष्णता या तेलाच्या मुळावर येतात, म्हणून मला गडद काच दिली. दुकानात मी मोठ्या तोऱ्यात उभी असायचे. एक दिवस एका घाबरलेल्या मुलीने मला उचललं. तिचे बाबा पावाच्या भट्टीवर कामाला होते आणि तिथेच त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "लोण्याच्या जागी हे तेल वापरा, हृदयाला चांगलं. पण हे अन्न आहे, औषध नव्हे. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

बाबांनी पहिलं तेवढं ऐकलं आणि दुसरं सोयीस्कर विसरले. "अमृत आहे, अमृत!" म्हणत येईल त्याला मला दाखवायचे. भाजीत घालायचं सोडून रोज माझ्यातून घोट घ्यायचे. स्तुती कुणाला नको असते? पण मला मात्र धास्ती वाटायची. गोळी घेतली की भट्टीपुढे त्यांना गरगरायचं. हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या भट्टी सोडायला लावतील, अशी त्यांना भीती. म्हणून रोजची गोळी ते गुपचूप माझ्यामागे, फळीच्या कोपऱ्यात सरकवायचे.

"अहो, गोळी घेतली का?" आई बाहेरून विचारायची.

"घेतली गं बाई!"

खोटं! धादांत खोटं! मी आतल्या आत आक्रोश करायचे, पण बाटलीचं कोण ऐकतंय?

त्या सकाळी बाबा भिंतीला धरूनच स्वयंपाकघरात आले. कपाळावर घाम, एक हात छातीशी. आता तरी कुणाला हाक मारतील, असं वाटलं. कसलं काय! त्यांनी हात घातला तो मलाच. बोटांत पकड नव्हती. फळीवरून मी खाली पायपुसण्यावर पडले, बूच उडालं आणि माझ्यामागोमाग गोळ्या टपटप सगळीकडे विखुरल्या.

आई धावत आली. आधी तिला गोळ्या दिसल्या, मग बाबांचे पांढरे पडलेले ओठ.

"अहो, रोज विचारत होते ना मी!" तिला रडू फुटलं. मुलीने रुग्णवाहिकेला फोन लावला. माझं तेल जमिनीवर वाहत होतं आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नसावंच.

बाबांचा जीव थोडक्यात वाचला, पण भट्टी कायमची सुटली. डॉक्टरीणबाई हळहळून म्हणाल्या, "गरगरतंय हे आधी सांगितलं असतंत, तर मी गोळी बदलून दिली असती."

एवढंच होतं हो! आईने घरी येऊन मुलीला हे सांगितलं, तेव्हा मलाही कळलं.

आता माझ्यात पुन्हा भरलेलं तेल लोण्याऐवजी रोज जेवणात असतं आणि बाबा गोळी गिळेपर्यंत आई शेजारून उठत नाही.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ते कुरकुरतात.

"असतात तर बरं झालं असतं," आई म्हणते. "बाळांना खोटं बोलता येत नाही."

मित्रांनो, मला खुशाल वापरा, फक्त चुलीपासून लांब ठेवा. पण घरात कुणी औषध घेत असेल, तर लांबून "घेतलं का?" विचारून मोकळे होऊ नका. घडीभर जवळ बसा आणि विचारा, "त्याने काही त्रास तर होत नाही ना?"