तीन वेळा बोलावलं

बाईंनी खुर्ची फरफटत आणली आणि दुरुस्तीवाल्याच्या कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ मांडली. त्याने माउस जरा पलीकडे सरकवला, तशा बाईही सरकल्या.

"काकू, जरा हात हलवायला जागा द्या की."

"काकू कुणाला म्हणता? माझे पांढरे केस बघून म्हणत असाल, तर तुमच्या डोक्यावर तेवढेही नाहीत. इथे सगळे मला बाई म्हणतात."

दुरुस्तीवाला चाळिशी ओलांडलेला, थंड डोक्याचा माणूस होता. टकलावरून हात फिरवत तो "बरं, बाई" म्हणाला आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. काचेच्या पलीकडे आठ शिलाई मशीनं धडधडत होती. शाळा उघडायला तीन आठवडे राहिले होते आणि निळ्या दप्तरांची चळत छताला टेकायला आली होती. बाईंनी स्वतः शाळेचं तोंड जेमतेम दोन वर्षं पाहिलेलं, पण गावातल्या निम्म्या पोरांच्या पाठीवर त्यांचीच शिलाई होती, आणि हे त्या कुणालाही विसरू देत नसत.

सून दाराशी चेनचं भेंडोळं हातात धरून उभी होती. ना आत, ना बाहेर.

"ती तिथे उभी आहे ना, तिच्यासमोरच काय ते निघू दे," बाई म्हणाल्या. "मी काय काय लिहायला सांगितलं आणि हिने काय काय लिहिलं, ते मला आज पाहायचंय. बरोबर पाहायची वेळ आली नि हा कॉम्प्युटरचा डबा बंद पडलेला. बंद पडला की पाडला, देव जाणे."

सुनेने भेंडोळ्याचं एक टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

गोष्ट कालची होती. धाग्याचा व्यापारी माल टाकायला आला आणि सहज बोलून गेला की परवा, गुरुवारी, तुमची धाकटी बसस्टँडवर दिसली, एकटीच बाकावर बसली होती. बाईंच्या हातातली कात्री हातातच राहिली. लेक गावात आली आणि घरी न येता गेली. थोरल्याने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, संध्याकाळी बहिणीला फोन लावला. तिने एकच वाक्य ऐकवलं आणि फोन ठेवला. ते वाक्य थोरल्याने जेवताना आईला सांगितलं, आणि सांगून पस्तावला.

"आईने सहा वर्षांत एकदा तरी ये म्हटलंय का?"

"तीन वेळा!" बाईंनी ताट सरकवलं होतं. "तीन वेळा बोलावलं मी तिला. त्या मशीनमध्ये सगळं आहे. काढा बाहेर!"

कारखान्यात टाका घालायला नको म्हणून धाकटी परगावी नोकरीला गेली, त्याला सहा वर्षं झाली. जाताना दोघींनी एकमेकींचा असा उद्धार केला होता की कारागिरांनी मशीनं थांबवून ऐकलं. पुढे फोनवरही तेच. दुसऱ्या मिनिटाला आवाज चढायचा, तिसऱ्याला फोन आपटला जायचा. मग थोरल्यानेच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर निरोप पाठवायचा हा प्रोग्राम घालून दिला. लिहिलेलं निदान ओरडत नाही, असं त्याचं म्हणणं. बाई सांगायच्या, सून टाइप करायची. आणि आठ दिवस झाले, तो प्रोग्राम उघडतच नव्हता.

"हे बघा," दुरुस्तीवाला म्हणाला. "प्रोफाइल उघडता येत नाही, नवीन तयार करू का, असं विचारतोय. कुणी हो म्हटलं नाही ना?"

"मी म्हणू दिलं नाही," दारातून सून म्हणाली. "हे म्हणत होते, नवीन करून टाकू. मी नको म्हटलं."

बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"वाचलात," तो म्हणाला. "प्रोफाइल म्हणजे तुमचं दप्तरच समजा, बाई. तुमचं नाव, तुमची माणसं, आले-गेले निरोप, सगळं त्यात. आत्ता चेन अडकलीय. आतलं सामान शाबूत असावं."

"चेन ओढू नका मग. दात तुटले की दप्तर फेकायच्या लायकीचं होतं."

"ओढत नाही. जुन्या दप्तराला हात लावायचा नाही, त्याची आधी एक नक्कल काढून ठेवायची. मग नवं कोरं दप्तर घ्यायचं आणि जुन्यातलं सामान उचलून त्यात ठेवायचं."

हे बाईंना पटलं. माणूस कामाचा आहे, असं त्यांनी मनातल्या मनात नोंदलं आणि बाहेर चहा सांगितला. तो फोल्डरांमागून फोल्डर उघडत गेला. एका ठिकाणी थांबला, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, संध्याकाळी सात वाजून एक मिनिट. फाइल लिहिता लिहिता वीज गेलीय. तिथेच अर्धवट राहिली ती."

"वीज नाही गेली शुक्रवारी," बाई म्हणाल्या.

"मग कुणी मेन स्विच पाडला?"

सुनेने बाईंकडे पाहिलं. सात वाजले की मेन स्विच खाली, हा बाईंचा नियम होता. एकदा रात्रभर इस्त्री चालू राहून कटिंगचं टेबल जळालं, तेव्हापासूनचा. स्विच त्या स्वतःच्या हातांनी पाडायच्या. आठ मशीनं, चार पंखे, दिवे आणि हा डबा, सगळ्यांना एकच न्याय. डबा नीट बंद व्हायला दोन मिनिटं लागतात, थांबा, असं सून अधूनमधून म्हणायची. बाई म्हणायच्या, "त्याला काय झोपायला अंगाई लागते?"

"रोज असंच करता?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"नियम आहे."

"मग सहा वर्षं टिकलं, हेच नवल."

बाईंनी पदर सारखा केला. "तुम्ही सामान काढा. उपदेश मागितला नव्हता."

चहा आला, थंड झाला. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली आणि मग एकदम ओळखीची निळी खिडकी उघडली. डाव्या बाजूला धाकटीचं नाव. त्यावर दाबल्याबरोबर उजवीकडे निरोपांची रांग लागली. सून नकळत दोन पावलं पुढे आली.

"तू नको," बाई म्हणाल्या. "ह्यांना वाचू दे. परका माणूस आहे, पदरचं घालणार नाही. पहिल्या वर्षीचा काढा. पहिल्यांदा बोलावलं तो."

दुरुस्तीवाल्याने वर जात जात एक निरोप पकडला आणि वीजबिल वाचावं तसा सपाट आवाजात वाचला.

"दार काही विटांनी बुजवलेलं नाही. ज्याला यायचं त्याला रस्ता माहीत आहे. पाय धरायला कुणी येणार नाही."

बाई ऐकत होत्या. विटांचं त्यांचंच होतं. अशा विटा सुनेला सात जन्मात सुचल्या नसत्या.

"त्यावर तिचं काय?"

"बरं. इतकंच आहे."

"पुढचा. मी दवाखान्यातून आले तेव्हाचा."

"जगली का मेली बघायला लोक शत्रूच्या घरी पण जातात. तुझी खोली रिकामी पडलीय. थोरला म्हणतो, कापडाचे तागे ठेवू. ठेवू का?" त्याने पान सरकवलं. "उत्तर आहे, ठेवा."

ते तागे अजूनही जिन्याखालीच होते. खोलीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. ठेवू का विचारलं ते तिने नको म्हणावं म्हणून, एवढं पोटच्या पोरीला कळू नये, याचा बाईंना तेव्हा चार दिवस राग होता. आत्ता परक्याच्या तोंडून ऐकताना मात्र त्यांनी खुर्चीचा हात धरला.

"तिसरा."

"सगळ्यांच्या मुली येतात, जातात. आमचीच जगावेगळी. आलीस तर दोन घास मिळतील, कुत्र्यालाही उपाशी घालवत नाही आम्ही." तो थांबला. मग बरं वाटावं म्हणून हसून म्हणाला, "भावकीतलं वाटणीचं भांडण दिसतंय, बाई. कोर्टात गेलात का?"

"माझ्या लेकीला लिहिलंय ते."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला. काचेपलीकडे कुणाची तरी सुई तुटली असावी. एक मशीन थांबलं, दुसरं चालू राहिलं.

बाई सुनेकडे वळल्या. "असंच्या असं लिहिलंस?"

"तुम्हीच म्हणाला होता, आई, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर बघ."

"मी म्हणेन! तुला अक्कल नको?"

"एकदा केली होती अक्कल," सून म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तिसऱ्या वेळी खाली माझ्याकडून एक ओळ घातली. की वन्सं, या, आई वाट बघतात. त्यांनी विचारलं, हे आई म्हणाली का. मी काय सांगणार होते?"

"काय सांगितलंस?"

"नाही म्हणाल्या, असं सांगितलं."

बाईंनी थंड चहाचा कप बशीसकट पलीकडे सरकवला. तेवढ्यात कॉम्प्युटरमधून टुंग असा आवाज झाला.

"आता लाइन लागली," दुरुस्तीवाला म्हणाला. "मधल्या दिवसांतलं अडकलेलं उतरतंय. एकच आहे. सोमवारचा. वाचू?"

बाईंनी नुसता हात हलवला.

"आई, गुरुवारी कामासाठी तिकडे आहे. दुपारी एक ते पाच मोकळी. बसस्टँडवरच असेन. घर दहा मिनिटांवर आहे, मला माहीत आहे. तू नुसतं ये म्हण. दुसरं काही म्हणू नकोस."

त्याने खाली पाहिलं. खाली काही नव्हतं.

दुपारी एक ते पाच. गुरुवारी त्या वेळात बाई कटिंग टेबलापाशी उभ्या होत्या आणि बकल उलटं लावलं म्हणून एका कारागिरणीला फैलावर घेत होत्या. एवढं त्यांना लख्ख आठवलं.

त्यांनी विचारलं, "ते जुनं, तीन वेळचं. पुसता येतं का?"

"येतं ना. आत्ता पुसतो."

"आणि तिच्याकडचं?"

"ते नाही, बाई. इथलं इथे पुसलं जाईल. तिच्याकडे पोचलं ते पोचलं."

"राहू दे मग." बाई उठल्या, पुन्हा बसल्या. "तुमचं काम झालं असेल तर या तुम्ही. चहा गार झाला, बाहेर दुसरा सांगा."

तो पिशवी आवरून गेला. सुनेने भेंडोळं टेबलावर ठेवलं, त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि कीबोर्ड जवळ ओढला.

"लिही," बाई म्हणाल्या. "मशीन बिघडलं होतं. निरोप आज मिळाला."

सुनेने लिहिलं.

"माझी काही चूक..." बाई थांबल्या. "ते नको. खोड."

"अजून लिहिलंच नाही, आई."

"बरं. पुढचं तूच लिही. तुला येतं तसं, गोड करून."

सुनेने हात मांडीवर घेतले. "मी लिहिलं तर त्या परत विचारतील, हे आई म्हणाली का."

बाईंनी पडद्यावरच्या त्या उभ्या रेघेकडे पाहिलं. ती दिसत होती, विझत होती, पुन्हा दिसत होती. त्यांनी घसा खाकरला. आयुष्यभर कुणाशी बोलायला त्यांना घसा खाकरावा लागला नव्हता.

"सांगा, आई."

"सांगते. घाई काय आहे?"

काही वेळ कुणी हललं नाही, म्हणून पडदा आपोआप काळा झाला. सुनेने माउस जरासा हलवला. निळी खिडकी परत आली, तिच्यातली दोन वाक्यं आणि पुढची कोरी जागा तशीच. बाई ओठ घट्ट मिटून समोर बघत राहिल्या. पडदा दुसऱ्यांदा काळा झाला. सुनेने पुन्हा माउस हलवला आणि बोटं कीबोर्डवर ठेवून वाट पाहत बसली.