वगळलेली अट

तीनची वेळ दिलेली होती आणि पावणेचार व्हायला आले, तरी पाहुण्याचा पत्ता नव्हता. पंतप्रधानबाई बैठकीच्या छोट्या खोलीत एकट्याच बसून होत्या. सकाळपासून तीन बैठका, एक उद्घाटन आणि संसदेत दोन तासांची खडाजंगी झाल्यावर पाय टम्म सुजले होते, म्हणून टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या.

"अजून किती वेळ?" त्यांनी दारात आलेल्या स्वीय सहाय्यकाला विचारलं. सोळा वर्षं हा माणूस त्यांच्यासोबत होता. बाईंच्या कपाळावरची आठी बघून कुठली फाइल पुढे करायची आणि कुठली दडवायची, हे त्याला कळायचं.

"गाडी छावणीतून निघालीय, बाई. पण निघायलाच तास गेला. ऐंशी माणसं दारात उभी. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय काका गाडीत बसेनात."

"काका?"

"सगळे तसंच म्हणतात."

हे काका शेजारच्या देशातले. तिथल्या सरकारने त्यांच्या पंथावर बंदी घातली, प्रार्थनेच्या जागांना टाळं ठोकलं, तेव्हा आपली माणसं घेऊन ते सीमा ओलांडून आले आणि आश्रय मागितला. आश्रय द्यायला मंत्रिमंडळ तयार होतं, पण एका अटीवर: या माणसांनी इथे कुठेही उपदेश करायचा नाही, जमाव जमवायचा नाही. ही अट खरं तर शेजारच्या राजदूताची. नदीच्या पाण्याच्या कराराची गोड आठवण करून देत त्याने ती पुढे सरकवली होती. बाई मात्र अडून बसल्या. "घरात घ्यायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं, याला आसरा म्हणत नाहीत," असं म्हणत तीन आठवडे त्या सगळ्यांशी भांडल्या आणि आज सकाळी ती ओळ खोडून त्यांनी सही केली.

दार न वाजवताच परराष्ट्रमंत्री आत आला. बाईंच्या धाकट्या भावाचा हा कॉलेजपासूनचा मित्र, म्हणून चारचौघांतही त्यांना ताईच म्हणायचा.

"ताई, राजदूताचा तिसरा फोन. काय सांगू?"

"सांग, ताई ऐकत नाही."

"ते मी तीन आठवडे सांगतोय. एका ओळीपायी पाण्याचा करार पाण्यात जाईल."

"ओळ एकच असते रे. गळ्याभोवतीची दोरीही एकच असते."

"मग माझा राजीनामा घ्या."

"उद्या दे. आज आणखी एक कागद वाचायचं त्राण नाही माझ्यात."

तो गेला. दार जरा जोरातच लागलं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो घर सांभाळत होता.

"जेवलीस का?"

"बिस्किटं खाल्ली."

"त्याला जेवण म्हणत नाहीत. आणि नळवाला आजही आला नाही. तुझ्या हातात काही आहे का?"

"देश आहे. नळवाला नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मनातलं सांगायचं तर त्या या भेटीची वाट बघत होत्या. नऊ वर्षांत दारात आलेला प्रत्येक माणूस काहीतरी मागायलाच आलेला. आज निदान एक चेहरा असा येईल, जो बरं झालं म्हणेल, एवढीच त्यांची आशा होती.

काका आले ते चार वाजून गेल्यावर. साठीचा किडकिडीत माणूस. कोणीतरी दिलेला कोट दोन मापं मोठा. खुर्चीच्या काठावर अवघडून बसले. सीमेपलीकडचे असले तरी भाषा एकच होती, त्यामुळे दुभाष्याचं काम नव्हतं.

"अट काढून टाकली," बाईंनी सरळ सांगून टाकलं. "तुम्ही इथे राहा, बोला, सभा घ्या. कोणी अडवणार नाही."

काकांचा चेहरा पडला. "काढली? पूर्ण?"

"पूर्ण."

"परत घालता येईल का?"

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी उपदेशक नव्हे हो," काका सांगू लागले. "छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचो. आमचं प्रार्थनेचं पुस्तक मीच जुळवलं. उलटी अक्षरं वाचून वाचून सगळं पाठ झालं. जाणती माणसं तुरुंगात गेली, तसे लोक मला विचारायला लागले, काका, याचा अर्थ काय? मला सुचलं ते सांगितलं. अकरा वर्षं सांगतोय. उठायच्या आधी दारात माणसं. मुलाचं नाव काय ठेवू, नवऱ्याला सोडू का, देव ऐकतो ना, काका? माझ्याकडचं संपलंय, बाई. इथे बोलायला बंदी येणार असं कळलं, त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपलो."

"देवावरचा विश्वास उडाला?"

"छे. देव आहे. मीच उरलो नाही."

बाईंचा राग मस्तकात गेला. याच्यासाठी करार, मंत्री, सगळं पणाला लावलं!

"म्हणजे बंदी मी घालायची आणि शिव्याही मीच खायच्या?"

"तुम्हाला सवय असेल, असं वाटलं," काका खालमानेने म्हणाले.

बाई खो खो हसल्या. दिवसभरातलं पहिलं हसू. पण ते संपलं तसा शीण आणखीच दाटून आला. "सवय आहे. सवयीने ओझं हलकं होत नाही, काका."

हात फोनकडे गेला. एक फोन, की करार वाचला, राजीनामा टळला, राजदूत खूश आणि हा बिचाराही झोपेल. क्षणभर त्यांनी रिसीव्हर उचललाही. मग खाली ठेवला.

"तुम्ही गप्प बसाल. पण त्या ऐंशीतल्या दुसऱ्या कोणाला उद्या बोलावंसं वाटलं तर? कायद्याचं कुलूप एकट्या तुमच्या तोंडाला बसत नाही."

काकांनी मान वर केली. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"थकलो हे तुम्हीच सांगा त्यांना."

"रडतील."

"रडू देत."

"तुम्ही तुमच्या लोकांना कधी सांगितलंत असं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "हिंमत झाली नाही."

त्यांनी चहा मागवला आणि वीस मिनिटं कोणाला आत सोडू नको म्हणून सांगितलं. दोघं खिडकीबाहेर बघत चहा प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परराष्ट्रमंत्र्याचा राजीनामा टेबलावर होता, आणि तो खरा होता. करार पुढे आठ महिने लटकला. वर्तमानपत्रांनी बाईंना धारेवर धरलं ते वेगळंच. काका एका बाइंडिंगच्या दुकानात कामाला लागले आणि छावणीत त्यांच्याऐवजी एक शिक्षिका पुस्तक वाचून दाखवू लागली.

पण त्या सकाळी सहाय्यकाने आणखी एक बातमी आणली. काकांना सोडायला गेलेल्या ड्रायव्हरने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. काकांनी गाडीतून उतरल्या उतरल्या सांगून टाकलं. काही जण रडले. एक म्हातारी मात्र काठी आपटत पुढे आली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी नाही का सांगायचं? आम्हाला वाटलं तुम्हाला आवडतं, म्हणून आम्ही विचारत होतो!"

बाईंनी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग राजीनाम्याचा कागद पुढे ओढून त्या चष्मा शोधू लागल्या.