ओल्या नखाची कोरडी तपासणी

मी नख बोलतंय, उजव्या अंगठ्याचं. आधीच सांगितलेलं बरं, माझं डोकं फिरलंय.

ज्यांच्या अंगठ्यावर मी वाढलं, त्या मावशी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुतात. रोज आठ तास पाण्यात. पाणी पिऊन पिऊन मी भिजल्या पुठ्ठ्यासारखं झालं, कडेनं सुटायला लागलं. मावशींना साधं बटण लावता येईना.

मग इस्पितळानं तपासणी काढली. नखावर दोन पट्ट्या टेकवून जाणवणारही नाही इतकी कमी वीज सोडायची. ओल्या नखातून ती सहज जाते, कोरडं नख तिला अडवतं. ज्या बाईचं नख फार ओलं, तिला पाण्यातून काढून इस्त्रीच्या टेबलावर बसवायचं. मावशींना ते टेबल हवं होतं, बाकी काही नको.

आणि यांनी काय करावं? डॉक्टरांपुढे जायचं म्हणून आदल्या दिवशी रजा टाकली! सकाळी हात खसाखसा पुसले आणि तासभर कपडे वाळवायच्या यंत्रापुढे धरून बसल्या. मी आतल्या आत कोकलतंय, पण नखाचं ऐकतंय कोण? डॉक्टर तरी शहाणा असावा की नाही? त्यानं मान वर न करता पट्ट्या टेकवल्या, ‘नख ठणठणीत’ लिहिलं, मावशींची रवानगी परत हौदावर.

दोन महिन्यांनी चादर पिळताना मी अख्खं निघून आलं. मावशींनी मला रुमालात गुंडाळून तडक त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं मला कोरडं मोजलं, वीज अडून बसली. पाण्यात भिजवून मोजलं, सुसाट धावली. मग मावशींकडे वळला.

“त्या दिवशी हात वाळवून आला होतात?”

“मग? डॉक्टरांपुढे ओले हात घेऊन यायचं?”

“ती ओलच तर मोजायची होती, मावशी. मी विचारायला हवं होतं.”

हवं होतं म्हणे! बैल गेला नि झोपा केला. मावशींना टेबल मिळालं, पण उघड्या अंगठ्याला इस्त्रीची धग सोसवत नाही. डाव्या हातानं कशीबशी रेटतात.

मी इथं डॉक्टरच्या टेबलावर, काचेच्या बशीत पडून आहे. आज मावशींच्या धाकट्या जावेची तपासणी, तीही धुलाईघरातलीच. ती दाराबाहेर बाकावर बसून बोटं न् बोटं पुसतेय. अरे, कुणीतरी तिच्या हातातला तो टॉवेल हिसकावून घ्या!