अडतीस इंच

मालनबाईंनी स्वेटरचा पुढचा भाग उलटा केला आणि आतून जाणाऱ्या धाग्यांखाली बोट घालून पाहिलं. बोट शिरेना.

"किती आवळलंस गं विशाखा! दुसऱ्या रंगाचा धागा मागून सैल सोडायचा असतो. धा वेळा सांगितलं तुला."

विशाखा मान खाली घालून लोकर गुंडाळत बसली. आजवर तिनं विणलेलं काय, तर एक मफलर, तोही एका टोकाला रुंद. आणि निघाली होती हिमरू शालीवरची वेल दोन रंगांत नवऱ्याच्या छातीवर चढवायला! पण एकदा हट्टाला पेटली की ती कुणाचं ऐकत नसे. शेजारच्या मालनबाई लष्कराच्या छावणीत राहत असताना विणकाम शिकलेल्या. त्यांनाच तिनं गुरू केलं होतं.

मालनबाईंनी टेप लावली. दसऱ्याला अतुलची छाती चाळीस भरली होती. स्वेटर भरला अडतीस, आणि वेलीपाशी तर तो ताणूनही वाढेना.

"उसव. ह्याच्यात अतुल मावायचा नाय."

"अडीच महिने झालेत, मावशी. नाय उसवणार मी."

खरं म्हणजे सुया हातात असल्या की तेवढंच तिचं मन थाऱ्यावर राहायचं. दसऱ्यापासून अतुल तांबेच्या तांबे पाणी रिचवत होता आणि डब्यातली भाकरी अर्धी परत आणत होता. गाल बसले होते. दवाखान्याचं नाव काढलं की त्याचं कारण तयार. कधी ओव्हरटाइम, कधी नवा साहेब. वरून जाकीट चढवायचं आणि मोटारसायकलला किक मारून कंपनीत निघायचं. तिला आताशा त्याच्याकडं नीट बघायचीही भीती वाटायला लागली होती.

रविवारी सकाळी बाह्या जोडून झाल्या. गंमत बघायला मालनबाई मुद्दाम येऊन बसल्या.

"डोकं तरी शिरंल का?" अतुलनं हसत हात वर केले.

स्वेटर गळ्यातून उतरला, छातीवरून खाली आला, कुठं म्हणून अडला नाही. खांद्याची शिवण दंडावर आली. वेल ताणली जायची, ती मधोमध सुरकुतली.

"तुम्ही दोघी उगं घाबरवत व्हत्या!" अतुल खूश झाला. "बघा, लई मोकळा बसला."

मालनबाईंनी पर्समधून टेप काढली होती. ती त्यांनी तशीच परत ठेवली.

"छान झालाय," त्या म्हणाल्या आणि ठेवलेला चहा न घेताच उठून गेल्या.

विशाखानं पुढं होऊन त्याच्या दोन्ही कुशींपाशी स्वेटर धरला. दोन्ही मुठींत लोकर आली.

"माप चुकलं असंल तुझं," अतुल म्हणाला.

"अहो, अडतीसच हाय हा. सकाळी परत मोजलाय मी."

तो हसायचा थांबला. त्यानं मान खाली घालून तिच्या मुठींकडं पाहिलं.

"सोड की."

तिनं सोडलं नाही. बाहेर कुणीतरी भाजीची गाडी ढकलत गेलं.

"आज रविवार हाय," तो हळूच म्हणाला. "दवाखाना उद्या उघडंल."